गणिताची वही पाहून रडणाऱ्या मुलीला घरी गणित कसं शिकवावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचं कुटुंब, मुलगी नुकतीच सात वर्षांची झाली आहे. मोठ्या शिशुगटानंतर तिला शाळेत घातलेलं नाही, शिक्षण घरीच चाललं आहे. गोष्टी, चित्रं, मातीकाम यांत ती तासन्‌तास रमते. गणिताची वही उघडली की मात्र पोट दुखतं, तहान लागते आणि शेवटी रडू येतं. आईने आधी इंटरनेटवरच्या वर्कशीट छापून पाहिल्या, मग सिंगापूर पद्धतीचं पुस्तक आणलं. आता घरातले ॲबॅकसच्या क्लासला घाला म्हणताहेत. आईचं विचारणं असं: या मुलीसाठी कोणता अभ्यासक्रम घ्यावा, आणि ती मागे तर पडणार नाही?

माझं उत्तर: सध्या कोणताच नवा अभ्यासक्रम घेऊ नका. मी बरीच वर्षं बालवाडीच्या आणि पहिली-दुसरीच्या शिक्षिकांबरोबर काम करते आहे, आणि अलीकडे होमस्कूलिंग करणारी कुटुंबंही भेटतात. ‘गणित नको’ म्हणणाऱ्या लहान मुलांमध्ये खरोखर गणितच नको असलेलं मूल मला क्वचित दिसलं. वहीबरोबर चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांपैकी एखादी मुलाला झेपत नसते. ती कोणती हे कळल्याशिवाय आणलेलं तिसरं पुस्तकही पहिल्या दोनांच्याच मार्गाने जाईल.

म्हणून आठवडाभर काही शिकवू नका. पाहा. तिला न सांगता, खेळता-खेळता.

ओंजळभर चिंचोके घ्या आणि म्हणा, ‘मला सात दे.’ सातावर ती आपणहून थांबते, की मोजतच राहते? थांबत असेल तर शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजे तो सगळा ढीग, एवढं तिला उमगलं आहे. आता तेच सात तिच्यासमोर लांब-लांब पसरा आणि विचारा, ‘आता किती?’ पुन्हा एकपासून मोजायला लागली तर मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते, ही जाण अजून पिकायची आहे. झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांमधली हीच गोष्ट बारकाईने तपासली होती. ही जाण घोकून येत नाही, हाताळून येते. मग फासा टाका. पाच ठिपके ती पाहताच ओळखते, की बोट ठेवून मोजते? १८७१ मध्ये विल्यम जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने घेवड्याचे दाणे पेटीत टाकून स्वतःचीच परीक्षा घेतली. तीन-चार दाणे तो एका नजरेत अचूक सांगायचा, पाचपासून चुका सुरू झाल्या. मोठ्या माणसाचीही नजर एवढीच पोचते. म्हणून पुस्तकातली एका ओळीत काढलेली नऊ फुलपाखरं मुलाला त्रास देतात, आणि पाच व चार अशी मांडलेली नऊ देत नाहीत.

यानंतर एक तोंडी गोष्ट सांगा. ‘डब्यात आठ लाडू होते, बाबांनी तीन खाल्ले.’ याचं उत्तर ती सहज देत असेल आणि ‘८ − ३’ पाहून गप्प होत असेल, तर वजाबाकी तिला येते, चिन्हाशी ओळख व्हायची आहे. शेवटी नुसते आकडे उतरवून काढायला सांगा, गणित काहीच नको. त्यातही चिडचिड झाली तर त्रास हाताला आहे. सात वर्षांच्या पुष्कळ मुलांची बोटं पेन्सिलवर लवकर थकतात, आणि आपण त्या थकव्याला ‘गणिताचा कंटाळा’ म्हणून मोकळे होतो.

तुमच्या घरात एक जास्तीची अडचण असण्याचा दाट संभव आहे. सिंगापूरच्या पुस्तकात 1, 2, 3 आणि आजीच्या अंकलिपीत १, २, ३. मोठ्यांना यात काही वाटत नाही. पण मराठी १ आणि इंग्रजी 9 शेजारी लिहून बघा. मराठी ४ आणि इंग्रजी 8 बघा. मराठी ६ म्हणजे आरशात पाहिलेला इंग्रजी 3. वाचायला नुकतं शिकलेलं मूल एकाच वेळी दोन्ही पाहतं, आणि आकडे उलटे काढले की आपण त्याला दोष देतो. पुढचे सहा महिने एकच लिपी ठेवा. कोणती हे तुम्ही ठरवा, ती मात्र बदलू नका.

आता मराठी मुलांच्या खास गाठीकडे येते. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पहिली-दुसरीचे निम्मे अश्रू इथे सांडतात असं माझं मत आहे. तुम्ही ‘त्रेचाळीस’ म्हणता आणि मुलगी ३४ लिहिते. तिने बरोबर ऐकलेलं असतं: आधी तीन ऐकू आले, मग चाळीस. तिने त्याच क्रमाने लिहिलं. शिवाय दोन अंकी संख्यांची नावं इतकी झिजलेली आहेत की त्रेपन्नात पन्नास आणि सदुसष्टात सात दिसणं सोपं नाही. शंभरापर्यंतचं जवळजवळ प्रत्येक नाव वेगळं पाठ करावं लागतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला हे अनेकांना आठवत असेल. तेव्हा डॉ. मंगला नारळीकर गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. जुनी नावं काढून टाकलेली नाहीत, लहान मुलांना सोपं जावं म्हणून दुसरा मार्ग जोडीला दिला आहे, असं त्यांनी समजावून सांगितलं होतं. मी त्यांच्या बाजूची आहे. घरी शिकवताना तर तुम्हाला कोणाची परवानगीही नको. काही महिने प्रत्येक संख्येला दोन नावं द्या, ‘त्रेचाळीस, म्हणजे चाळीस आणि तीन’. हिशेब दुसऱ्या नावाने करू द्या. पहिलं नाव घरच्या बोलण्यातून, बसच्या नंबरातून, आजोबांच्या वयातून कानावर पडत राहीलच.

मात्र ‘चाळीस आणि तीन’ नुसतं तोंडी म्हणून भागत नाही. चाळीस म्हणजे दहांचे चार गठ्ठे, हे हाताला लागलं पाहिजे. खराट्याचे हीर सारख्या लांबीचे तोडा, दहा-दहाला रबर लावा, बाकीचे सुटे ठेवा. गठ्ठे तिलाच बांधू द्या, तयार देऊ नका. दहा सुटे झाले की रबर लागतं आणि त्यांचा एक दशक होतो, हे तिच्या हातांनी पुष्कळ वेळा करून झालं, तर पुढे ‘हातचा’ वेगळा शिकवावा लागत नाही. वजाबाकीत सुटे कमी पडले तर ती स्वतःच रबर काढते. रबर काढण्याआधी ती क्षणभर थांबेल. त्या वेळी काही बोलू नका. त्या थांबण्यात गणित चाललेलं असतं.

दुसरं साधन म्हणजे शंभर मण्यांची माळ. दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल. आपल्याकडच्या कित्येक शिक्षकांच्या वर्गात ती ‘गणितमाळ’ म्हणून टांगलेली दिसते. मण्यांच्या दुकानातून सामान आणून एका दुपारी घरी ओवता येते. दोन खिळ्यांना ताणून बांधा आणि कपड्यांचा चिमटा लावून खेळा. ‘चिमटा सत्तावीसावर लाव.’ सुरुवातीला ती एकेक मणी मोजेल, मोजू द्या. काही दिवसांनी ती दोन रंगपट्टे ओलांडून सात मणी पुढे जाईल. आणखी काही दिवसांनी अठ्ठावीसासाठी तिसऱ्या पट्ट्याच्या शेवटाकडून दोन मणी मागे येईल. ही तिची स्वतःची युक्ती असेल आणि ती तुमच्या पुस्तकातल्या पंधरा पानांइतकी मोलाची आहे. एकोणतीस, एकोणचाळीस ही अवघड नावंही इथेच सुटतात, कारण चिमटा तिसाच्या एक मणी अलीकडे असतो हे डोळ्यांना दिसतं. दहाच्या उड्या, पाचाच्या उड्या, दोनाच्या उड्या याच माळेवर मारायच्या. त्या झाल्यावर आजीने संध्याकाळी दोनाचा आणि पाचाचा पाढा म्हणून घेतला तर आनंदाने घेऊ द्या. पाढे म्हणण्याला माझा विरोध नाही. काही न मोजता आधी पाढे पाठ करण्याला आहे.

या साधनांची परंपरा आपल्या मातीतच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसोरीची महागडी साधनं खेड्यात आणि आदिवासी पाड्यावर परवडणार नाहीत, म्हणून त्यांनी बिया, शिंपले, खडे, पानं, मणी यांतून साधनं उभी केली. दहा-दहाच्या सरींत ओवलेले माँटेसोरीचे सोनेरी मणी सुंदर असतात यात शंका नाही. तुमच्या खराट्याचे हीर तेच काम करतात.

खेळांचं म्हणाल तर आपल्या घरांतलेच खेळ पुरेसे आहेत. चल्लस आठ शिकवा. चार चिंचोके फोडून एका बाजूने पांढरे करायचे आणि टाकायचे. पांढऱ्या बाजू पाहून दान सांगायचं, चारही पांढरे आले तर चल्लस, म्हणजे चार, आणि एकही नाही आला तर आठ. नजरेने ओळखणं, सोंगटी मोजून चालवणं, कोणती सोंगटी मारली जाईल याचा अंदाज घेणं, सगळं त्यात आहे. पत्त्यांत बदाम सात. सातापासून वर आठ, नऊ, दहा आणि खाली सहा, पाच, चार. उलट मोजणी इतक्या सहज दुसरीकडे कुठे होत नाही. चित्रांचे पत्ते काढून उरलेल्यांतून दहाच्या जोड्या लावायचा खेळही रोज एकदा घ्या. सहा दिसले की चार हवेत, हे न मोजता सुचायला लागलं की पुढची बेरीज-वजाबाकी निम्मी सोपी होते. सापशिडी दोन फाशांनी खेळा. मुठीत सात चिंचोके दाखवा, काही दुसऱ्या हातात लपवा, उरलेले उघडे करा आणि विचारा, ‘लपलेले किती?’ हा मला सगळ्यांत आवडता खेळ आहे, कारण यात मूल तुम्हालाही कोडं घालू शकतं. तिला घालू द्या, आणि उत्तर द्यायला तुम्हीही वेळ घ्या.

मराठी घरातल्या मुलाकडे एक ठेवा असतो, तो आपण वापरतच नाही. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द तुमची मुलगी जन्मापासून ऐकते आहे. पाव किलो भेंडी, दीड लिटर दूध, पावणेपाचची गाडी. अपूर्णांक म्हणून वेगळा धडा यायच्या आधी हे सगळं तराजूवर आणि घड्याळात करून घेता येतं. पाव किलोच्या चार पिशव्या एका पारड्यात आणि एक किलोचं वजन दुसऱ्यात, एवढं एकदा स्वतः करून पाहिलेलं मूल पाचवीत अपूर्णांकांना घाबरत नाही. बाजारात मात्र तिची परीक्षा घेऊ नका. भाजीवाल्यासमोर ‘सांग बरं किती परत मिळतील’ असं विचारलं की बाजारही वहीसारखाच नकोसा होतो. घरच्या दुकान-दुकान खेळात पैसे मोजू द्या, आणि सुरुवातीला फक्त दहाच्या नोटा आणि एक रुपयाची नाणी ठेवा. दोन आणि पाच रुपयांची नाणी नंतर.

तुमच्या वागण्याबद्दल दोन गोष्टी स्पष्ट सांगते. ‘अगं, हे तर सोपं आहे’ हे वाक्य घरातून काढून टाका. आपण ते धीर द्यायला म्हणतो. मुलीला ऐकू येतं ते असं, की सोपं असूनही मला येत नाही. दुसरं, ‘कसं केलंस?’ हा प्रश्न उत्तर चुकल्यावर जितका विचाराल तितकाच ते बरोबर आल्यावरही विचारा. नुसत्या चुकीनंतर विचारलात तर चार दिवसांत तो प्रश्न म्हणजे चुकीची घंटा होतो. वेळ रोज पंधरा ते वीस मिनिटं पुरे, शक्यतो ठरावीक वेळी, आणि ती ‘अजून एकदा’ म्हणत असतानाच थांबा. बक्षिसं, स्टिकर, तारे काही नको. तुम्हाला स्वतःला गणिताची धास्ती असेल तर ती मुलीला तुमच्या चेहऱ्यावर दिसते. तसं असेल तर पत्ते बाबांनी किंवा आजोबांनी खेळवावेत, आणि तुम्ही तिच्यासारख्याच एक खेळाडू व्हा.

ॲबॅकसचा क्लास आत्ता नको. त्यात वेग हेच यश असतं, आणि जी मुलगी आधीच घाबरून बसली आहे तिला घड्याळाशी शर्यत लावणं चुकीचं आहे. वेळ मोजणारी मोबाइल ॲप्स आणि वैदिक गणिताच्या युक्त्या त्याच कारणासाठी बाजूला ठेवा. छापील वर्कशीटचा गठ्ठा रद्दीत द्या. सिंगापूरचं पुस्तक वाईट नाही. आधी वस्तू, मग चित्र, मग चिन्ह हा त्याचा क्रम पक्का विचार करून ठरवलेला आहे. पण वह्या भरण्याच्या नादात घरोघर पहिली पायरीच गळते, वस्तू न हाताळता मूल थेट चित्रावर जातं. ते पुस्तक जपून ठेवा, चार-सहा महिन्यांनी कामाला येईल. बालभारतीची पहिली-दुसरीची पुस्तकं संकेतस्थळावरून मोफत मिळतात. ती तुम्ही वाचा, नकाशा म्हणून, मुलीसमोर न ठेवता.

पैसे खर्च करायचेच असतील तर क्विझनेअर पट्ट्या घ्या. जॉर्ज क्विझनेअर या बेल्जियन शिक्षकाची ही कल्पना. एक ते दहा सेंटिमीटर लांबीच्या दहा रंगांच्या पट्ट्या, त्यांवर आकडे छापलेले नसतात. मातीत आणि चित्रात रमणारी तुमची मुलगी त्यांनी आधी जिने आणि घरं बांधेल. बांधू द्या. पिवळ्या दोन पट्ट्या एका नारिंगीएवढ्या होतात हे तिला तुम्ही सांगायच्या आधी कळेल.

आता मागे पडण्याची भीती. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर गावी एल. पी. बेनेझेट नावाचे शिक्षणाधिकारी होते. १९२९ पासून त्यांनी काही शाळांत औपचारिक अंकगणित सहावीपर्यंत पुढे ढकललं. त्याऐवजी मुलं वाचत, बोलत, लांबी-वजनाचे अंदाज घेत, घड्याळ आणि पैसे वापरत. सहावीत रीतसर गणित सुरू झाल्यावर ती वर्षभरात इतर मुलांच्या बरोबरीला आली, असं त्यांनी १९३५-३६ मध्ये लिहून प्रसिद्ध केलं. आजच्या कसोट्या लावल्या तर तो काटेकोर प्रयोग ठरणार नाही, आणि तुम्ही सहावीपर्यंत थांबा असंही मी म्हणत नाही. पण पुष्कळ पालक यातून ‘गणित सोडून दिलं तरी चालतं’ असा अर्थ काढतात, तो चूक आहे. त्या मुलांनी वहीतलं गणित सोडलं होतं, आकड्यांशी वावर रोज चालू होता. तुमच्याकडेही तसंच व्हायला हवं.

आपल्याकडचा हिशेबही सोपा आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या निपुण भारत मोहिमेचं लक्ष्य तिसरीच्या अखेरीस पायाभूत गणित यावं हे आहे. त्यात पहिलीअखेर ९९ पर्यंतच्या आणि दुसरीअखेर ९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात असं म्हटलं आहे. २०२२ च्या पायाभूत स्तरावरच्या राष्ट्रीय आराखड्यातही तीन ते आठ वर्षांचं शिक्षण खेळातून व्हावं असाच आग्रह आहे. तुमची मुलगी आत्ता कुठेही उशीर करत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून (एनआयओएस) दहावीला बसायचं म्हटलं तरी वयाची चौदा वर्षं पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे ती आजवर जगली तेवढीच वर्षं अजून हातात आहेत.

काळजी कधी करायची तेही सांगते. एवढे महिने हे सगळं मनापासून करूनही आठव्या वर्षानंतर फाशावरचे तीन ठिपके मोजावे लागत असतील, पाच आणि आठ यांत मोठं कोणतं हे अडत असेल, कालच्या दहाच्या जोड्या आज पूर्ण पुसल्या जात असतील, तर बालरोगतज्ज्ञांमार्फत अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. आठच्या आत अशा चाचण्यांवरून ठाम निष्कर्ष काढत नाहीत. डोळे मात्र आत्ताच तपासा.

वही परत कधी उघडायची? जेव्हा तिला काहीतरी लक्षात ठेवायची गरज पडेल तेव्हा. चल्लस आठचे डाव कोणी किती जिंकले, दुकानात कोणाची किती उधारी आहे, हे तीच लिहून ठेवायला मागेल. पहिल्या पानावर तिचंच चित्र आणि तिचेच आकडे असू द्या, उलटे असले तरी. तिने सांगायचं आणि तुम्ही लिहायचं, असंही काही दिवस चालेल. ‘+’ आणि ‘−’ ही चिन्हं तिच्या सांगण्याचं छोटं रूप म्हणून त्यानंतर आणा, ‘तू आत्ता बोललीस ते असं लिहितात’ एवढंच म्हणून. दहाच्या जोड्या न मोजता सांगणं आणि गणितमाळेवर कोणतीही संख्या शोधणं एवढं जमलं, की जपून ठेवलेलं सिंगापूरचं पुस्तक किंवा बालभारतीचं दुसरीचं पुस्तक, जे तिला चित्रांमुळे आवडेल ते, काढा आणि मधूनच सुरू करा. पहिल्या पानापासून करायची गरज नाही.

तोवर मला पुन्हा लिहाल तेव्हा किती बरोबर आणि किती चूक हे लिहू नका. ‘कसं केलंस?’ विचारल्यावर ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहून पाठवा. त्यावरून पुढचं सांगता येईल.